तीन इंच एक सूत

आक्का, तुला जाऊन आज बेचाळीस दिवस झाले. या बेचाळीस दिवसांत मी तुझ्यासाठी किती रडले आणि गणितं किती केली, हे मांडायला बसलं तर गणितंच जास्त भरतील. तुला याचं नवल वाटणार नाही. "धाकटीला दुःख झालं तरी ती त्याला आधी भागून बघती," असं तूच सगळ्यांना सांगायचीस. मग मीही म्हणते, भागून बघितलं. बाकी राहिली ती तुला सांगायची आहे.

गणित तुझ्या टेपेचं होतं. ती पिवळी, मेणकापडाची, गळ्यात घालून घालून मऊ पडलेली टेप. लग्नाआधी तू बेळगावात कॅम्पमध्ये एका म्हाताऱ्या मास्तरांकडं शिवण शिकलीस, ते मिलिटरीचे कपडे शिवायचे. त्यांनी ती तुला दिली. एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूलाही इंचच, सेंटीमीटरचं नाव नाही. पुढं निपाणीत शिलाईची खोली टाकलीस आणि सगळं आयुष्य त्याच टेपेवर काढलंस. कधीतरी तिचं सुरुवातीचं टोक झिजून फाटलं तर तू ते कात्रीनं सरळ चारच्या रेघेवर कापलंस आणि तिथं आप्पांनी दिलेला भोकाचा पैसा दोऱ्यानं घट्ट शिवून टाकलास. त्यामुळं तुझ्या टेपेवर पहिला पैसा यायचा आणि मग एकदम पाच.

तो पैसा आप्पांनी आपल्या दोघींना एकेक दिला होता, आठवतं? तांब्याच्या रंगाचा, मधे मोठं भोक असलेला, चालेनासा झालेला. तंबाखूच्या वखारीत त्यांना कुठंतरी सापडले होते म्हणे. तू तुझा कामाला लावलास. मी माझा शाळेच्या कंपासपेटीत ठेवला आणि पुढं पेट्या बदलल्या तरी तो एकातून दुसरीत जात राहिला. आपल्या दोघींच्या स्वभावाबद्दल कुणी विचारलं तर एवढं सांगितलं तरी पुरे.

तुझ्या-माझ्यात आठ वर्षांचं अंतर, आणि नेमक्या त्याच आठ वर्षांत देशानं मापं बदलली. तुझ्या पाटीवर आणे-पै होते, माझ्या पाटीवर नवे पैसे आले. तुला आप्पांनी पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेतली. सतरा पाऊण किती हे तू झोपेत सांगितलं असतंस. माझ्या वेळेला आप्पा म्हणाले, आता याची गरज नाही, दहानं गुणा-भागायचं की झालं. मला तेव्हा वाटलं, माझी सुटका झाली. आता वाटतं, घरातली एक भाषा तुला मिळाली आणि मला नाही. तू काम किती झालं ते आण्यांत सांगायचीस. "बारा आणे झालंय झंपर, उद्या ये" असं तू गिऱ्हाइकाला सांगितलंस की फक्त हुक आणि काजं राहिलीत हे मला झंपर न बघताही कळायचं.

मी गणिताची शिक्षिका झाले, कॅम्पातल्या शाळेत तीस वर्षं मुलांना सेंटीमीटर शिकवला. आणि दर दिवाळीला निपाणीला आले की तुझ्यासाठी नवी टेप आणायची. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. तू ती दोन्ही हातांनी घ्यायचीस, "लई झ्याक हाय गं" म्हणायचीस आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ती कुणाच्या तरी पोराकडं खेळायला गेलेली असायची. मग आपलं भांडण. मी म्हणायची, अगं, जग कुठं गेलं. तू म्हणायचीस, "जग कुठं गेलंय? तुजी उंची किती सांग." मी पटकन पाच फूट एक इंच सांगून जायची आणि तू हसत सुटायचीस. "ताप किती आला हुता गेल्या म्हैन्यात?" एकशे दोन. "बघ. आन् पोरास्नी कायबाय शिकवतीस."

तुझं बरोबरच होतं. आपल्याकडं नळाचा पाइप अर्ध्या इंचाचा, टीव्ही बत्तीस इंची, रान एकर-गुंठ्यात, लुगडं नऊ वाराचं. आणि वार म्हणजे तो गोऱ्यांचा तीन फुटांचा यार्डच, हे नऊवारी नेसणाऱ्या किती जणींना माहीत असेल? साहेब गेला आणि त्याची पट्टी आपल्या बायकांच्या कमरेला राहिली, असं मी एकदा म्हटलं तर तू म्हणालीस, "मंग सोडवून नेऊ दे की त्येनं येऊन."

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाबद्दल. गेल्याच्या गेल्या वर्षी, उन्हाळ्यात. तुझ्या खोलीत दोघी-तिघी बसल्या होत्या, त्यांत बोरगावच्या पद्माकाकू, तुझ्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक. कशावरून तरी आपलं जुंपलं आणि मी पर्समधली स्टीलची पट्टी काढली. तुझी टेप तिच्याशेजारी ठेवली, पाचाच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि वर्गात बोलते तशा आवाजात म्हटलं, "ही बघा, चार इंच कापलेली. ही टेप चार इंचांनी खोटी हाय. पन्नास वर्षं आक्का खोट्या मापानं शिवतीया." पद्माकाकू माझ्याकडं बघत राहिल्या. तू टेप उचललीस, गळ्यात घातलीस आणि म्हणालीस, "चहा टाकते." बस, एवढंच.

त्यानंतर आपण त्या विषयावर कधी बोललो नाही. मला वाटलं, जिंकले. नंतर एक-दोनदा वाटलं, असं चारचौघींत म्हणायला नको होतं. पुढच्या खेपेला म्हणेन, असं करत करत राहिलं. तुझ्या हातचा चहा पिऊन मी किती वेळा तशीच बसला गेले, आक्का.

तू दुपारी मशीनवरच गेलीस. मी बेळगावहून पोचले तेव्हा सगळी तयारी झालेली होती. दोन दिवसांनी तुझी खोली आवरताना मी टेप शोधू लागले. कपाटात नाही, ड्रॉवरमध्ये नाही, खुंटीवर नाही. शेवटी रवीला विचारलं. तुझा रवी मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मीच ठिवली तिच्यासंगं. गळ्यातच हुती. काढू वाटली न्हाय." त्या क्षणी मला राग आला होता, आणि कशाचा ते कळत नव्हतं. पोरानं योग्यच केलं होतं. पैसा तेवढा जळला नसेल. तो राखेबरोबर वेदगंगेत गेला असेल.

रवी तुझी मापाची वही रद्दीत घालणार होता, ती मी घेतली. निळ्या पुठ्ठ्याची, सुतळीनं बांधलेली, एकावर एक शिवत नेलेल्या सहा-सात वह्यांची मिळून एक. एका पानाला एक बाई. नाव, गाव आणि मापं. उभ्या दांड्या टाकून लिहिलेले पाव, अर्धा, पाऊण. कितीतरी पानं अशी की तीस-पस्तीस वर्षं त्याच पानावर त्याच बाईचे आकडे वाढत गेलेत, मधे बाळंतपणं दिसतात, आजारपणं दिसतात. माझंही पान होतं. वर नुसतं "धाकटी".

आणि मग पद्माकाकूंचा फोन आला. त्यांच्या नातीचं लग्न सदलग्याला ठरलं होतं, तीन आठवड्यांवर आलं होतं. लग्नात नेसायचं लुगडं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यावरच्या झंपराचं कापड तुझ्याकडं देऊन ठेवलं होतं. तू कपाटात ते पुडीत बांधून वर नाव टाचून ठेवलेलं मला सापडलं. मी म्हटलं, काकू, मी कापड आणून देते, बोरगावात कुणाकडूनही शिवून घ्या.

"न्हाय गं. माज्या पाठीला बाक आलाय आता पडल्यापास्नं. एक खांदा खाली गेलाय. तुज्या आक्कानं दार लावून अळते घेतलं हुतं. पुन्हा कुणाम्होरं तसं उभं ऱ्हायचं न्हाय मला." अळते म्हणजे माप, काकू कन्नड-मराठी दोन्ही एका वाक्यात बोलतात, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, मग जुना झंपर नमुन्याला द्या. "जुनं कुठलं बसतंय? त्ये सरळ पाठीचं हाईत. नव्या पाठीचं माप तेवढं वहीत हाय. त्या मापानं शिव तू. न्हायतर मी लग्नाला जात न्हाय. पोरगी रडू दे."

मी म्हटलं, काकू, मला कुठं येतंय? त्या म्हणाल्या, "आक्का म्हणायची, धाकटीला सगळं येतंय, पर ती करत न्हाय."

तू त्यांना असं सांगितलं होतंस हे मला माहीत नव्हतं. तू शिकवलेलं मी पंचवीस वर्षांपूर्वी शेवटचं केलं होतं. तरी त्या एका वाक्यावर मी हो म्हणून बसले.

पद्माकाकूंच्या पानावर पाठीची दोन मापं होती, उजवी वेगळी आणि डावी वेगळी. खांद्यांचीही दोन. एवढ्या बारकाईनं तू कुणाचंच माप घेतलेलं नव्हतं. मी सरळ ते आकडे घेतले. माझ्या मनात काही शंकाच नव्हती: टेप चार इंचांनी खोटी आहे हे तुला माहीत होतं, म्हणजे लिहिताना तू मनात वजाबाकी करत असणार, आणि वहीतले आकडे खरे असणार. पावकी-निमकी पाठ असणाऱ्या बाईला चार वजा करणं काय अवघड? काकूंच्या चांगल्या कापडाला हात न लावता मी मांजरपाटावर नमुना शिवला आणि बस धरून बोरगावला गेले.

काकू आत गेल्या, दार लावलं. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. "अगं, ह्यात मी नि माजी सून दोघी बसतो की. कुणाचं माप घेतलंस?"

परतीच्या बसमध्ये मी वही मांडीवर घेऊन बसले. म्हणजे तू वजाबाकी करतच नव्हतीस. टेपेवर जो आकडा दिसला तोच उचलून लिहिलास, पन्नास वर्षं. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मजा वाटायला लागली. हे उदाहरण होतं आणि मला ते सुटण्यासारखं दिसत होतं. प्रत्येक आकड्यातून चार वजा करायचे, झालं. या वेळी म्हटलं काकूंना त्रास नको, स्वतःवरच तपासू. माझ्या पानावर गेल्या दिवाळीचं माप होतंच. चार वजा केले, तुझ्या मशीनवर बसून ब्लाउज शिवला आणि तुझ्या सुनेला, सुरेखाला, म्हटलं बघ. तो अंगात जाईना. हात वर करायला गेले तर बगलेत शिवण उसवली.

"मावशी, दिवाळीपास्नं थोडं सुटलाय तुमी," सुरेखा म्हणाली. मला वाईट वाटलं ते वाटलंच, पण मी म्हटलं, पोट सुटेल, छाती सुटेल. खांद्याचं हाड कसं सुटेल? घरातल्या स्टीलच्या टेपेनं तिच्याकडून माझा खांदा मोजून घेतला, मग बाही, मग छाती. वहीतून चार वजा केलेल्या आकड्याशी ताडून पाहिलं. खांद्याचा आकडा सात सूत कमी. बाही सात सूत कमी. छातीसुद्धा सातच सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तूच मला शिकवलंस, सुताराच्या आणि शिंप्याच्या पट्टीवर ते असतं. लहान मापातही सात आणि मोठ्या मापातही सात. आक्का, त्या वेळी मी तुझ्या खोलीत उभी राहून मोठ्यानं हसले. सुरेखाला वाटलं, मावशीला झालं काहीतरी. पण गणितात अशी चूक म्हणजे चूक नसतेच. जी चूक सगळीकडं सारखी असते तिला कारण असतं, आणि ते कारण सापडतं.

तरी शरीरावर भरवसा नको म्हणून मी वहीत न हलणारी वस्तू शोधू लागले. जवळजवळ शेवटच्या पानावर ती सापडली. "पुढची खिडकी, पडदा." रुंदी एकोणचाळीस आणि एक सूत. उंची एक्कावन्न आणि एक सूत. ती खिडकी माझ्या समोरच होती. तुझ्या सासऱ्यांनी सुताराकडून करून घेतलेली, तीन फूट बाय चार फूट. मी स्टीलची टेप लावली. छत्तीस इंच आणि अठ्ठेचाळीस इंच, सूतभर इकडं नाही की तिकडं नाही. म्हणजे तुझ्या आकड्यांतून चार इंच वजा करायचे नव्हते. तीन इंच एक सूत करायचे होते. माझ्या चार इंचांतली सात सुतं कुठं गेली?

ते माझ्या लक्षात आलं बेळगावच्या बसमध्ये, संकेश्वरच्या पुढं. घरी पोचल्यावर चपला न काढता कपाट उघडलं, कंपासपेटीतला माझा पैसा काढला आणि पट्टीवर ठेवला. या कडेपासून त्या कडेपर्यंत सात सूत. अगदी नावाला कमी.

तू टेप चारच्या रेघेवर कापलीस, पण तिला पैसा जोडलास आणि मोजताना सुरुवात टेपेच्या टोकापासून केलीच नाहीस. ती पैशाच्या कडेपासून केलीस. गेलेल्या चार इंचांतली सात सुतं आप्पांच्या पैशानं भरून काढली होती. मी त्या दिवशी पद्माकाकूंसमोर स्टीलची पट्टी लावून चार इंच म्हणाले तेव्हा मी पैसा धरलाच नव्हता. तो मला नुसता लोंबता वाटला होता. गणिताच्या बाईंनी भर सभेत उदाहरण सोडवलं आणि ते एका पैशानं चुकलं.

मग आणखी एक गोष्ट आठवली. ब्लाउजाचं कापड बेतताना छातीचा चौथा भाग घ्यावा लागतो. तू तो कधी आकड्यानं काढायची नाहीस. पैशाची कड एका हातात आणि आकडा दुसऱ्या हातात धरून टेप मधोमध दुमडायचीस, मग परत दुमडायचीस, आणि ती चौघडी कापडावर ठेवून खडूची रेघ मारायचीस. मी तुला चिडवलं होतं, "एवढी पावकी पाठ हाय तुला, भागाकार का करत न्हाईस?" तू म्हणालीस, "टेप करतीया की." मी ते तुझं अडाणीपण समजले. खरं तर तो एकच रस्ता होता. आकडा भागला असतास तर चुकली असतीस. टेप दुमडलीस म्हणून कधीच चुकली नाहीस. अंगावर जेवढी, तेवढीच कापडावर. मधला आकडा काहीही असो. माझ्या शाळेतल्या मुलांना मी हे फळ्यावर समजावून सांगितलं असतं तर अर्धा तास गेला असता.

काकूंचं कापड मी पुढच्या आठवड्यात कापलं. तीन इंच एक सूत वजा करून, दोन्ही पाठी वेगळ्या ठेवून. बोरगावला गेले तेव्हा काकू आत गेल्या आणि या वेळी दार लावलं तरी कडी लागल्याचा आवाज आला नाही. मग हाक आली, "आत ये."

त्या आरशासमोर उभ्या होत्या, पाठ माझ्याकडं करून. डावा खांदा चांगला तीन बोटं खाली होता. झंपर दोन्ही बाजूंनी बसला होता, कुठं चुणी नाही, कुठं ओढ नाही. आरशातून माझ्याकडं बघत त्या म्हणाल्या, "आक्कानं शिवल्यागत बसलंय."

मग त्यांनी मला पडवीत आणून बसवलं आणि म्हणाल्या, "त्या दिशी तू टेप खोटी म्हणालीस, आठवतंय?" मी मान हलवली. "तू बसला गेलीस आन् तुजी आक्का पोट धरून हसली. मी म्हटलं, अगं, एवढं चार लोकांत बोलली ती, तुला काय वाटत न्हाय व्हय? तर म्हणाली, 'काकू, ती चार म्हणाली, पर चार न्हाईत त्ये. एका पैशानं चुकलीया मास्तरीण. सांगू नगा तिला. लई वाईट वाटंल तिला.'"

आक्का, मी तुला चारचौघींत खोटं म्हटलं आणि तू माझी चूक दोन वर्षं पदरात झाकून ठेवलीस. शेवटी बरोबरही घेऊन गेलीस. मला माफ कर हे मी पद्माकाकूंच्या पडवीत बसून म्हटलं, त्यांच्यासमोरच. ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यासमोर. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सुनेला ताक आणायला सांगितलं.

निघताना मी विचारलं, काकू, पण तिनं टेप बदलली का नाही? त्या म्हणाल्या, "ते मी बी इचारलं हुतं. म्हणाली, ह्या वहीत कुणी डोकावलं तरी कुणाचं माप कुणाला कळायचं न्हाय." असेल. तू कुठल्याच बाईचं माप तोंडानं म्हणायची नाहीस. आकड्यावर अंगठा दाबून धरायचीस आणि तशीच वहीपर्यंत चालत जायचीस, म्हणजे खोलीत बसलेल्या बाकीच्या चौघींना ऐकू जायला नको. किंवा टेप बदलली असती तर सगळी वही खोटी ठरली असती, हेही कारण असेल. किंवा आप्पांचा पैसा. मी तिन्ही लिहून ठेवलीत. खरं कुठलं ते तुलाच माहीत, आणि या एका बाबतीत उत्तराचं पान माझ्याकडं नाही.

पद्माकाकू सदलग्याला लग्नाला गेल्या. सुनेनं फोटो पाठवला, त्यात त्या नातीशेजारी उभ्या आहेत, खांदा न झाकता, पदर मागं घेऊन.

काल मी निपाणीला तुझ्या खोलीत आले. गेल्या दिवाळीला तुला दिलेली टेप या वेळी कुणाकडं गेली नव्हती, तुझी शोधताना ती ड्रॉवरमध्ये दिसली होती, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी तुझी कात्री घेतली आणि चारच्या रेघेवर ती कापली. तीस वर्षं शाळेत पट्टी शून्यापासून लावा म्हणून मुलांना ओरडलेली मी. मग माझा पैसा घेतला, कडेला कड लावली आणि दुहेरी दोऱ्यानं शिवला. खिडकीला लावून पाहिलं. एकोणचाळीस आणि एक सूत. तुझी सगळी पानं परत चालू झाली.

सुरेखा दारात उभी होती. म्हणाली, "मावशी, माजं झंपर शिवाल का एक? आत्याबाईनी माप घेतलं हुतं, पर त्ये बाळंतपणाआधीचं." मी म्हटलं, ये, दार लाव. तिला खिडकीकडं पाठ करून उभं केलं आणि टेप छातीवरून फिरवली. पैशाची कड बोटांना गार लागली. आकड्यावर अंगठा आला.

"किती भरलं?" तिनं विचारलं.

मी अंगठा तसाच दाबून धरून वहीपर्यंत चालत गेले, तिचं पान काढलं, आणि जो आकडा दिसला तोच लिहिला. वजाबाकी केली नाही.